स्थळनाव पूर्ण द्यावे

“आपण मागितलं तर ती देणार नाही. नियमाने मागा, मग देईल.”

मी लोखंडी कपाटाच्या अलीकडे उभी होते, प्रुफांचा गठ्ठा छातीशी धरून. पलीकडे चहा चालला होता. आवाज सावंत सरांचा होता आणि ऐकत होत्या आमच्या विभागातल्या पाध्ये बाई. बाई नुसत्या “हं” म्हणाल्या. बाईंचं “हं” होकाराचंही असतं आणि तोंडात बिस्किट असल्याचंही, त्यामुळे त्यावरून काही कळेना.

मी पुढे झाले तसे सर हसून म्हणाले, “या या, आफरीन मॅडम! आत्ता तुमच्याच शैलीपुस्तिकेचं कौतुक चाललं होतं. चहा घेणार?”

“नको सर, झाला.”

झाला नव्हता. पण माझं कौतुक आणि चहा असं दोन्ही एकदम पुढे आलं की मी एक पाऊल मागे घेते. ही सवय चांगली की वाईट ते मला ठरवता आलेलं नाही. या नोकरीत ती उपयोगी पडली, एवढं खरं.

मी विद्यापीठाच्या रत्नागिरीतल्या केंद्रात, प्रकाशन विभागात, संपादन साहाय्यक आहे. कंत्राटी. म्हणजे काय करतेस, असं आईने पहिल्या दिवशी विचारलं. मी म्हटलं, दुसऱ्यांनी लिहिलेलं नीट करते. ती म्हणाली, “मग त्यांना शाळेत कशाला घातलं होतं?” त्यानंतर मी घरी नोकरीविषयी फार बोललेले नाही.

बाहेरच्या माणसाला सांगायचं तर काम असं आहे. विद्यापीठातून अहवाल निघतात, निमंत्रणपत्रिका निघतात, संशोधनाच्या पुस्तिका निघतात. लिहिणारे वेगवेगळे, पण ते सगळं एका घरातून आल्यासारखं दिसायला हवं. तारीख कशी लिहायची, नावाआधी काय लावायचं, आकडे कुठे अंकांत आणि कुठे अक्षरांत, संदर्भ कसा द्यायचा, हे ज्यात ठरवलेलं असतं ती शैलीपुस्तिका. ती सांभाळायचं काम माझं. हस्तलिखित आलं की मी नियमांनुसार दुरुस्त करते. जिथे माझ्या हातात नसतं तिथे समासात प्रश्न लिहून लेखकाकडे पाठवते. लेखकाला उत्तर द्यावंच लागतं. सगळी उत्तरं आल्यावर मी ‘शैलीनुसार तपासले’ असा शेरा मारते, आणि त्या शेऱ्याशिवाय मजकूर छापायला जात नाही. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना हे माहीत असतं, म्हणून माझ्याशी सगळे गोड बोलतात.

स्वल्पविरामासाठी आजवर कोणी माझ्या टेबलापर्यंत चालत आलेलं नाही. येतात ते नावासाठी येतात. एका विभागप्रमुखांनी निमंत्रणपत्रिकेवरची नावं अकारविल्हे लावायचा आग्रह धरला. “नियम म्हणजे नियम, मॅडम. त्यात लहानमोठं नको.” मला ते फार आवडलं. मग लक्षात आलं की त्यांचं स्वतःचं आडनाव ‘आ’ने सुरू होतं. पुढच्या कार्यक्रमाला आलेल्या पाहुण्यांचं आडनाव निघालं ‘अ’वरून. तेव्हा तेच गृहस्थ येऊन म्हणाले, “मॅडम, ज्येष्ठता म्हणून काही असते की नाही?”

वार्षिक अहवालात ‘इमारतीचे काम लांबले’ असं वाक्य होतं. मी समासात विचारलं, कोणामुळे? कार्यालयातले एक जुने अधिकारी कागद घेऊन स्वतः आले. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, “मॅडम, ते आपोआपच लांबलं असं राहू दे. आपोआप झालं की कोणी अडकत नाही.”

म्हणून कोणी एकाएकी नियमाचा कैवार घेऊ लागलं की मी आधी बघते, नियमाच्या मागे कोण उभं आहे.

खरं तर मी नियमांच्या बाजूची आहे. माझी शाळा कॉन्व्हेंटची. वर्गात मराठी बोललं की बाहेर उभं करायचे. घरात आमची कोकणी मुसलमानांची बोली. अब्बा कुवेतला, त्यांचे फोन अर्धे उर्दूत. पुस्तकातली मराठी मला कोणी दिलेली नाही. मी ती मोठेपणी, एकटीने, वाचून घेतली. अजूनही ती वापरताना मी परक्या घरात बसल्यासारखी खुर्चीच्या कडेला बसते. अशा माणसाला नियम बरे वाटतात. चपला कुठे काढायच्या ते आधी कळलेलं असतं. “तुमचं मराठी किती छान आहे हो!” असं मला सतत ऐकावं लागतं. पाध्ये बाईंना हे कोणी म्हणत नाही.

स्थळनावांचा नियम मात्र मी हौसेने लिहिला होता. अलोऱ्याचे एक प्राध्यापक होते, शांत गृहस्थ. त्यांच्या लेखात अलोरे होतं ते जुन्या कोणी साहाय्यकाने ‘कोयना प्रकल्पाची वसाहत’ असं केलं होतं. ते छापील पान घेऊन ते माझ्यापुढे बसले. रागावले नाहीत. म्हणाले, “वसाहत नंतर आली हो. आमचं गाव आधीपासून होतं. माझी आजी वसाहतीत जन्मलेली नाही.” त्या आठवड्यात मी पुस्तिकेत घातलं: ‘स्थळनाव पूर्ण द्यावे. गाव, तालुका, जिल्हा. मोघम उल्लेख टाळावा.’ प्रकाशन समितीने तो एकमताने मंजूर केला. मला वाटलं होतं, या नियमाने कोणाचं कधी वाईट होणार नाही.

कपाटाआडून ते वाक्य ऐकल्यानंतर दोनेक दिवसांनी सावंत सरांची फाइल माझ्याकडे आली.

सर एका संशोधन प्रकल्पाचे प्रमुख होते. पुस्तिका नाटे या किनाऱ्यावरच्या गावातल्या मच्छीमारांच्या पारंपरिक ज्ञानाविषयी होती. वाऱ्यांची नावं, पाण्याचे रंग, कोणती मासळी कधी आणि कुठून येते. लेखक म्हणून दोन नावं होती. पहिलं सरांचं आणि दुसरं नसीमाचं. नसीमा नाट्याचीच, मच्छीमार घरातली. प्रकल्पात क्षेत्र साहाय्यक. तिचं कंत्राट माझ्यासारखंच, फक्त ते वाढायला सरांचा शेरा लागायचा. (ती आता दुसरीकडे शिकवते. तिला विचारूनच हे लिहिते आहे. तिचं खरं नाव नसीमा नाही.)

मजकूर तिचा होता हे पहिल्या पानावरच कळलं. सर ‘निदर्शनास येते’ असं लिहितात. ती ‘दिसतं’ लिहायची. एक प्रकरण मासळीच्या जागांविषयी होतं. उघड्या समुद्रात खालचा खडक दिसत नाही, तो किनाऱ्याकडे बघून शोधायचा. होडीतून पाहताना किनाऱ्यावरच्या ठरलेल्या दोन खुणा एकीमागे एक आल्या, आणि दुसऱ्या अंगाच्या दोन खुणाही तशाच एका ओळीत आल्या, की जाळं तिथे टाकायचं. खूण म्हणजे मनोरा, उंच माड, कड्यावरचा पांढरा डाग, काहीही. ज्याच्या त्याच्या घराण्याच्या खुणा वेगळ्या, आणि त्या घराबाहेर कोणाला सांगत नाहीत. हे सगळं तिने इतकं स्वच्छ लिहिलं होतं की मला होडीत बसल्यासारखं झालं, आणि मला साध्या जेट्टीवरसुद्धा चक्कर येते. पण एकाही जागेचं नाव तिने दिलेलं नव्हतं. ‘एका कुटुंबाची जागा’, ‘दुसऱ्या एका कुटुंबाची जागा’, इतकंच.

समासात सरांची पेन्सिल होती. ‘स्थळनाव पूर्ण द्यावे (शैलीपुस्तिकेनुसार). खुणांचा तपशील व नकाशा जोडावा. संपादन विभागाने हे सहलेखिकेकडून मागवावे.’

नियमाने मागा, मग देईल. ते वाक्य नसीमाविषयी होतं. आणि नियम माझा होता.

सर आणि नसीमा एकाच खोलीत बसायचे. मान वळवून विचारता आलं असतं. मी पाध्ये बाईंना म्हटलं, “सर तिला स्वतःच का नाही विचारत?”

बाई दिवाळीनंतर निवृत्त व्हायच्या होत्या. मला हे काम त्यांनीच शिकवलं. चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या, “विचारलंनी की. ती म्हणाली, आठवत नाही. अगो, ती पोरगी काय विसरणारी आहे? गेल्या वर्षी मी नेसलेली साडी सांगते ती. म्हणून ते म्हणतात, आफरीनने विचारावं. तुला ती नाही म्हणणार नाही. तुमच्यातलीच ना ती.”

“आमच्यातली म्हणजे?”

“म्हणजे... तुमच्यातली,” बाई म्हणाल्या आणि चष्मा खाली घेतला.

आता हे बाईंना कसं सांगायचं? मी शहरातली, कुवेतच्या पैशांवर शिकलेली. ती नाट्याच्या जाळेवाल्याची मुलगी. नाट्याहून कोणी सोयरीक घेऊन आलं असतं तर माझ्या आईने पाण्यावर बोळवण केली असती. एवढं सगळं बाईंच्या एका शब्दात बसवलेलं होतं. मला वाटलं, बाईही सरांच्या बाजूच्या आहेत. मग वाटलं, त्या कोणाच्याच बाजूच्या नाहीत, त्यांना फक्त फाइल हलायला हवी आहे. हे जास्त वाईट.

त्यातच एक माणूस मला आठवला. सरांकडे तो अधूनमधून यायचा. मिरकरवाड्याच्या बंदरात त्याच्या मासेमारीच्या मोठ्या बोटी होत्या, सरांचा भाचा म्हणवायचा. एकदा जिन्यात मला थांबवून म्हणाला होता, “मॅडम, मामांचं पुस्तक कधी येतंय? त्यात नकाशे आहेत म्हणे.” विद्यापीठाची पुस्तिका कधी येते हे विचारणारा तो माझ्या नोकरीतला पहिला वाचक. सर त्याला काही देणार होते का? की सरांना खरंच नकाशाशिवाय संशोधन अपुरं वाटत होतं? परीक्षकांचाही तसा शेरा होता, ‘पुरावा द्यावा’. मला आजही माहीत नाही. पण नकाशा छापल्यावर सरांच्या मनात काय होतं याने समुद्रात काही फरक पडला नसता.

समासातला प्रश्न मी पाठवला नाही. दुपारी डबा घेऊन नसीमाला शोधत गेले. ती मागच्या पायऱ्यांवर एकटीच जेवत होती. मला असं कोणाजवळ जाऊन बसता येत नाही. मी उभीच राहिले.

“तुम्हाला एक प्रश्न पाठवायचा आहे. पाठवू का?”

ती हसली. “प्रश्न पाठवायची परवानगी मागणाऱ्या पहिल्याच मॅडम बघितल्या. बसा तरी.”

बसले. प्रश्न सांगितला. तिचा घास हातातच राहिला.

“तो नियम तुमचाच ना?”

“हो.”

“मग सर खरं सांगत होते. मला वाटलं, मला भिववायला सांगतात.” तिने घास डब्यात परत ठेवला. “अब्बांनी खुणा सांगितल्या त्या मला सांगितल्या. विद्यापीठाला नाही. वारे लिही म्हणाले, मासे लिही म्हणाले, खुणा लिहू नकोस म्हणाले. माझ्या चाचांना ती जागा माहीत नाही, सख्खा भाऊ असून. मला का सांगितली, ठाऊक आहे? मला होडी नाही ना. मी कुठे जाणार आहे जाळं टाकायला?”

यावर ती पुन्हा हसली. मला हसता आलं नाही.

“बाहेरच्या मोठ्या बोटी मासळी ओढायला दिवे लावून येतात. आता शोधत फिरतात तरी. नकाशा हातात आला की फिरायचं काय राहिलं? एका हंगामात जागा खरवडून नेतील. आणि पुस्तकावर नाव कुणाचं? माझं. अब्बा मशिदीतून बाहेर पडले की लोक काय म्हणतील? घ्या, मुलगी शिकवलीत.”

“मग सरांना नाही म्हणा.”

“आणि जूनमध्ये कंत्राट कोण वाढवणार?” ती डब्याचं झाकण लावायला लागली. “विसरले म्हणून किती दिवस सांगू? तुमचा कागद आला की त्यावर विसरले असं लिहिता येणार नाही. तुम्हीच काहीतरी करा, आपा.”

तोवर मी मॅडम होते. आपा, म्हणजे ताई, पहिल्यांदाच झाले. खोटं कशाला बोलू, एक क्षण मला तिचाही संशय आला. आपा म्हणून ही मला पुढे ढकलते आहे का? मग तिच्या डब्याकडे लक्ष गेलं. अर्धा तसाच होता.

नंतरचे दिवस मी फाइल खणात ठेवून काढले. सर टेबलाशी थांबायचे. “प्रश्न गेला का, मॅडम?” “बघते सर.” “काही अडचण?” “नाही सर.” पुस्तिका मी पुन्हापुन्हा वाचली, म्हणजे माझी, नियमांची. कुठेतरी एखादा अपवाद सापडेल असं वाटत होतं. सापडला नाही. मी सगळा विचार छापून येणाऱ्यांचा केला होता. ज्याला छापून यायचं नाही असा माणूस माझ्या डोक्यातच आला नव्हता. नवा नियम घालावा तर समितीची मंजुरी हवी, आणि समितीत सर.

समितीची बैठक ठरली. संचालक, सावंत सर, पाध्ये बाई, आणि इतिवृत्त लिहायला मी. इतिवृत्त लिहिणाऱ्याने बोलायचं नसतं. असा नियम नाही, पण मी कधी बोलले नव्हते, त्यामुळे तसा पायंडा पडला होता.

“नाट्याची पुस्तिका कुठे अडली?” संचालकांनी विचारलं.

“संपादनात,” सर म्हणाले. अगदी सौम्यपणे. “साधी गोष्ट आहे. नियमाप्रमाणे स्थळनावं मागवायची आहेत. मॅडमना कामाचा भार फार आहे.”

“आफरीन?”

मी पेनाचं टोपण लावलं, काढलं. माझ्या डोक्यात वाक्य आधी इंग्रजीत येतं, मग मी ते मराठीत आणते. त्या दिवशी ते कुठल्याच भाषेत येईना. एक मात्र आतून पक्कं माहीत होतं. नसीमाची हरकत आहे असं म्हणायचं नाही. ते म्हटलं की तिचा जून तिथेच संपला.

“नियम तुम्हीच लिहिलाय ना?” सरांनी विचारलं.

“हो सर.”

“मग?”

पाध्ये बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “बोल गो. पोटात ठेवून काय लोणचं घालायचंय?” त्या कोणाच्या बाजूने बोलल्या ते मला त्या वेळी कळलं नाही. नंतर विचारायचं राहून गेलं, आणि त्या निवृत्त झाल्या. याची चुटपुट मला आहे.

“तो नियम अलोऱ्याच्या सरांमुळे केला,” मी म्हणाले. आवाज बारीक निघाला, पण निघाला. “त्यांना आपलं गाव छापून हवं होतं. इथे ज्यांच्या जागा आहेत त्यांनी त्या छापायला दिलेल्या नाहीत. वारे दिले, मासे दिले. खुणा घराण्याच्या असतात. हे नाट्याच्या पुस्तिकेतच लिहिलेलं आहे, पाचव्या प्रकरणात. आपणच छापतो की खुणा कोणाला सांगत नाहीत, आणि खाली नकाशा देतो.”

संचालकांनी प्रकरण उघडलं. सर खुर्चीत पुढे सरकले.

“हे नसीमाने सांगितलं तुम्हाला?”

“तिला प्रश्न पाठवलाच नाही सर. हरकत माझी आहे.”

“संपादन साहाय्यकाची?”

“हो सर.”

“संशोधनात पुरावा लागतो, मॅडम. उद्या कोणी विचारलं, या जागा खरोखर आहेत कशावरून, तर काय दाखवायचं?”

“मासे येतात बाजारात,” पाध्ये बाई म्हणाल्या. संचालकांना हसू आलं. सरांना नाही.

संचालक वाचत राहिले. मी इतिवृत्तात काहीच लिहिलं नव्हतं. माझंच बोलणं माझ्याच अक्षरात कसं लिहायचं ते सुचत नव्हतं. शेवटी त्यांनी पान माझ्याकडे फिरवलं आणि सरांच्या पेन्सिलीवर बोट ठेवलं.

“समजा, नाही मागवलं. मग नकाशाच्या या पानावर काय छापायचं? रिकामी जागा?”

“हो सर, रिकामी,” मी म्हणाले. “सगळं विद्यापीठाला कळलंच पाहिजे, असा नियम आपल्या शैलीपुस्तिकेत नाही.”